मागितला मुलगा, आली ॲन

शेतावर हाताखाली एक मुलगा हवा, एवढ्याच गरजेतून ही कादंबरी सुरू होते. मॅथ्यू कथबर्टने साठी गाठली आहे, हृदय अधूनमधून त्रास देतं. बहीण मरिला पन्नाशी उलटलेली. दोघंही बिनलग्नाची, एकाच घरात राहून म्हातारी होत चाललेली. मजुरीला येणारी पोरं जरा कामात तयार झाली की लॉब्स्टरच्या कारखान्यात नाहीतर थेट अमेरिकेत निघून जातात. तेव्हा शेजारच्या नोव्हास्कोशिया प्रांतातल्या अनाथाश्रमातून दहा-अकरा वर्षांचा पोरगा आणावा, असं ठरतं. वरकामाला उपयोगी पडेल एवढा मोठा आणि वळण लावता येईल एवढा लहान. निरोप तोंडी जातो आणि जाता जाता बदलतो. ब्राइट रिव्हरच्या स्टेशनवर मॅथ्यू घोडागाडी घेऊन पोचतो, तर छपराच्या लाकडी पट्ट्यांच्या ढिगावर एक मुलगी बसलेली असते. लाल केस, चेहऱ्यावर ठिपके, तोकडा झालेला झगा, हातात जुनी पिशवी.

ल्युसी मॉड माँटगोमेरी यांची ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ १९०८ साली बॉस्टनच्या एका प्रकाशकाने काढली. त्याला आता शंभराहून अधिक वर्षं झाली. जगभर ती मुलींचं पुस्तक म्हणून वाचली गेली आणि त्याच शिक्क्यामुळे पुष्कळ मोठ्या माणसांच्या हातून सुटली. घर, माणसाचं जाणं आणि त्यानंतर नव्याने उभं राहणं या विषयावर मनाला ऊब देणाऱ्या कादंबऱ्या हल्ली भरपूर निघतात. त्यांतल्या कितीतरी मी मनापासून वाचते. पण या साऱ्या गोतावळ्याची थोरली बहीण कोण असं विचारलं, तर मी याच पुस्तकाकडे बोट दाखवेन. इथे कोणालाही मागितलेलं मिळत नाही. मरिलाला मुलगा हवा होता. ॲनला काळे केस हवे होते आणि जिथून कुणी परत पाठवणार नाही असं घर हवं होतं. काळे केस तिला कधीच मिळत नाहीत, आणि घर मिळतं ते चुकून. जे मागितलं नव्हतं ते दारात आल्यावर माणसं त्याचं काय करतात, याचा हिशेब म्हणजे ही कादंबरी.

‘मुलगाच हवा’ हे वाक्य मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे दत्तक म्हणजे मुलगा, वंशाला आणि पिंडाला. १९५६ चा दत्तकविधानाचा कायदा येईपर्यंत हिंदू घरात मुलगी दत्तक घेण्याला कायद्याचा आधारच नव्हता. कथबर्टांना वंशाची काळजी नाही, त्यांना सलगम-बटाट्याच्या शेताची काळजी आहे, पण दारात उभ्या असलेल्या पोरीला दोन्हीकडे सारखंच ऐकावं लागतं. आपण नको आहोत हे ॲनला त्या घराच्या उंबऱ्यावरच कळतं. स्टेशनपासून आठ मैल ती मॅथ्यूशेजारी बसून अखंड बोलत आलेली असते. वाटेतल्या फुललेल्या सफरचंदाच्या झाडांना, तळ्याला नवी नावं देत, आपण आता घरी चाललो आहोत या समजुतीत. मॅथ्यू बाईमाणसासमोर तोंडही न उघडणारा. त्याला खरं सांगायचं धाडस होत नाही, म्हणून तो ते काम बहिणीवर टाकतो. पहिल्या प्रकरणांतली ही घोडागाडी मला फार मोलाची वाटते. मॅथ्यूला ही मुलगी ठेवून घ्यावीशी वाटते ती दया येऊन नव्हे. तिचं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याशी कुणीतरी एवढं बोललेलं असतं.

त्या काळी अनाथ मूल म्हणजे स्वस्तातलं मनुष्यबळ होतं, हे या कादंबरीच्या पाठीमागे सतत उभं आहे. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची कित्येक दशकं ब्रिटनमधल्या गरीब आणि निराधार मुलांना बोटीत बसवून कॅनडात शेतकामाला पाठवलं जात होतं. अशा मुलांची संख्या एक लाखाच्या आसपास जाते. मॅथ्यूने आधी असाच एखादा मुलगा सुचवलेला असतो, आणि मरिलाने लंडनच्या रस्त्यावरचं पोर नको म्हणून ते मोडीत काढलेलं असतं. ॲनचं मागचं आयुष्य काही वेगळं नाही. ती तीन महिन्यांची असताना आई तापाने गेली आणि चार दिवसांत वडीलही गेले. दोघं शाळामास्तर, नातेवाईक कुणी नाही. मग एका घरी चार पोरं सांभाळायला, दुसऱ्या घरी आठ. त्या आठांत जुळ्यांच्या तीन जोड्या. त्या घरांत तिच्याशी कुणी बोलत नसे, म्हणून कपाटाच्या काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाला तिने मैत्रीण केलं होतं आणि दरीतून परत येणाऱ्या हाकेला दुसरी मैत्रीण. लेखिका यातलं बहुतेक सगळं एकाच प्रकरणात, गाडीतून जाता जाता, ॲनच्याच तोंडून सांगून टाकते. ‘त्या बायका तुझ्याशी चांगल्या वागायच्या का?’ या अर्थाचा प्रश्न मरिला विचारते, तेव्हा मुलगी अडखळते आणि त्यांच्या मनात तसं वागायचं होतं एवढंच म्हणते. मरिला पुढे विचारत नाही. तिला काय ते समजतं. मुलीला परत करायला निघालेली ही कडक बाई दुसऱ्याच एका घराचं गिऱ्हाईक समोर आलेलं पाहते. ती बाई ॲनला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळते आणि काटक दिसते, कामाला लावता येईल, असा अंदाज घेते. मरिला पोरीला पुन्हा गाडीत घेते आणि घरी येते. यात कुठे मिठी नाही की अश्रू नाहीत. एका बाईला त्या पोरीच्या चेहऱ्यावरचा भाव दिसला, एवढंच.

माँटगोमेरींना हे कुठून सुचलं असेल? त्यांचा जन्म १८७४ चा, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रिन्स एडवर्ड आयलंड या लहानशा बेटावरचा. त्या पावणेदोन वर्षांच्या असताना आई क्षयाने गेली. वडील पुढे पश्चिमेकडे लांब निघून गेले आणि मुलगी कॅव्हेंडिश गावात आईच्या आईवडिलांकडे वाढली. १९१७ साली त्यांनी आपल्या लेखनप्रवासाबद्दल लिहिलं, त्यात आयुष्यातली पहिली आठवण नोंदवली आहे. शवपेटीत ठेवलेली आई, आणि वाकून तिच्या गालाला लावलेला हात. तो गाल थंड होता. आईची आठवण म्हणून त्यांच्याजवळ जे होतं ते एवढंच.

इथे मला ‘श्यामची आई’ आठवल्याशिवाय राहत नाही. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहून काढलं. तेही आई गमावलेल्या लेकरानेच लिहिलं आहे. पण गुरुजींच्या जवळ आई भरभरून होती. तिचे शब्द, तिचा राग, तिने लावलेलं वळण, कोकणातल्या घराचं दारिद्र्य, सगळं आठवणीत होतं आणि ते पानापानावर उतरलं. माँटगोमेरींना आठवायला काही नव्हतं. त्यांना आई रचावी लागली, आणि त्यांनी ती एका सुकलेल्या, काटकोनी स्वभावाच्या अविवाहित बाईतून रचली. कुणाला जवळ कसं घ्यायचं हे मरिलाला येत नाही. ते तिला या पोरीकडून, बऱ्याच उशिरा, शिकावं लागतं. श्यामची आई मुलाला घडवते. इथे घडण आईची होते. दोन्ही पुस्तकं जवळजवळ ठेवून वाचावीत असं मी म्हणेन, विशेषतः ज्यांचं लहानपण पहिल्या पुस्तकावर पोसलं गेलं त्यांनी.

१८९८ मध्ये आजोबा वारले तेव्हा माँटगोमेरी दुसऱ्या गावी शिक्षिका होत्या. म्हाताऱ्या आजीने एकटीने राहणं शक्य नव्हतं, म्हणून नोकरी सोडून त्या घरी परतल्या आणि मधला हॅलिफॅक्सच्या वर्तमानपत्रातल्या नोकरीचा थोडा काळ वगळता आजी जाईपर्यंत, म्हणजे १९११ पर्यंत, तिथेच राहिल्या. गावचं पोस्ट त्यांच्याच घरातून चालत असे. त्याचा लिहिणाऱ्या बाईला मोठा फायदा झाला. कथा-कवितांचे लिफाफे गुपचूप टपालात टाकता येत आणि साभार परत आलेले लिफाफे गावाच्या नजरेस पडण्याआधी उचलून ठेवता येत. एका जुन्या वहीत त्यांनी कधीतरी टिपून ठेवलं होतं की एका वयस्क जोडप्याने अनाथाश्रमातून मुलगा मागवला आणि चुकून मुलगी आली. त्या टिपणाची कादंबरी झाली. ती एकामागून एक प्रकाशकांनी परत केली आणि हस्तलिखित टोपीच्या खोक्यात जाऊन पडलं. पुढे ते पुन्हा काढून धाडलं, तेव्हा १९०७ मध्ये होकार आला. आजीसाठी सगळं सोडून घरी बसलेली तिशीतली बाई, आणि कादंबरीच्या शेवटी मरिलासाठी कॉलेज सोडणारी ॲन, यांच्यातलं नातं सांगायला समीक्षक लागत नाही.

आता ऊब कुठून येते याबद्दल. अशा पुष्कळ पुस्तकांत ती बोलण्यातून येते. कुणीतरी शहाणं माणूस भेटतं, दोन समजुतीच्या गोष्टी सांगतं आणि दुःखी माणूस सावरतो. मला अशा शहाण्या माणसांचा कंटाळा येतो. माँटगोमेरी समजुतीचं बोलणं जवळजवळ वापरतच नाहीत. त्यांच्या माणसांना प्रेम करायचं असलं की ती काहीतरी करायला उठतात, आणि बहुधा ते धड करता येत नाही. मॅथ्यूचंच घ्या. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मुलींचा घोळका घरी जमतो आणि त्याला काहीतरी खटकतं. आपली ॲन इतरांसारखी दिसत नाही, एवढं कळतं, पण का ते कळायला त्याला दोन तास पाइप ओढत विचार करावा लागतो. तिच्या झग्याच्या बाह्या साध्या आहेत, बाकीच्यांच्या फुगीर. नेहमीच्या दुकानात मालकाच्या मुली असतात, म्हणून तो मुद्दाम दुसऱ्या दुकानात जातो, तर तिथेही गल्ल्यामागे नवी बाई उभी. झालं, त्याची बोबडी वळते. भर हिवाळ्यात तो बागेतला दाताळा मागतो. मग गवताचं बी. शेवटी कापडाचा विषय निघतच नाही आणि तो वीस पौंड लाल साखर घेऊन घरी येतो. दाताळा हत्यारांच्या खोलीत लपवता येतो. साखर मरिलासमोर ठेवावी लागते आणि ती विचारते, एवढ्या जाड्याभरड्या साखरेचं करायचं काय? मग तो शेजारच्या रेचल लिंडकडे जातो, आणि ती बाई कापड निवडण्यापासून शिवण्यापर्यंत सगळं अंगावर घेते. नाताळच्या सकाळी तो तपकिरी झगा ॲनच्या हाती येतो. आयुष्यभर दुकानातल्या बाईशी न बोललेल्या माणसाने त्या झग्यासाठी काय केलं, हे तिला कधीच कळत नाही. वाचकाला मात्र कळलेलं असतं.

दुसरी रात्र मिनी मेच्या आजाराची. ॲनच्या हातून नकळत एक घोटाळा झालेला आहे. सरबत समजून तिने डायना या मैत्रिणीला घरी केलेली वाइन पाजली, आणि डायनाच्या आईने दोघींची मैत्री तोडून टाकली आहे. जानेवारीत देशाचे पंतप्रधान बेटावर येतात आणि गावातली मोठी माणसं सभेसाठी तीस मैलांवरच्या शार्लटटाउनला जातात. त्याच रात्री डायना धावत येते. तीन वर्षांच्या धाकट्या बहिणीला क्रूप झालाय, घसा सुजून श्वास कोंडतोय, घरी फक्त एक घाबरलेली कामवाली पोर आहे. मॅथ्यू डॉक्टरला आणायला गाडी जुंपतो. ॲन इपिकॅकची बाटली उचलते आणि बर्फातून धावते. तिला हा आजार ओळखीचा आहे, कारण आधीच्या घरातल्या जुळ्यांच्या तिन्ही जोड्यांना तो वरचेवर व्हायचा आणि रात्री जागवायच्या त्या हिने. रात्रभर ती ठरावीक वेळाने औषध पाजत राहते. (आजचे डॉक्टर हे औषध देणार नाहीत, पण तेव्हा तोच उपाय होता.) पहाटे तीनला डॉक्टर पोचतात तेव्हा मूल शांत झोपलेलं असतं. हे प्रकरण मी आजवर अनेकदा वाचलं आहे. एवढ्याशा पोरीला दुसऱ्यांची पोरं सांभाळायला लावणं हा अन्याय होता आणि लेखिका त्याला कुठेही चांगलं म्हणत नाही. पण त्या अन्यायातून मुलीच्या हाताला जे आलं, ते तिचं स्वतःचं आहे, आणि त्याच्या जोरावर ती त्या गावात पहिल्यांदा आश्रित न राहता गावची होते. नव्याने सुरुवात करणारं माणूस कोरं होऊन येत नाही. मागचं सगळं घेऊन येतं, आणि कधी त्यातलंच काही कामी पडतं.

मॅथ्यूचा मृत्यू पुस्तकाच्या शेवटाजवळ येतो आणि तो मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल, कारण त्यामागे एक बुडालेली बँक आहे. घरातली पै न् पै एकाच खाजगी बँकेत होती. बचत बँकेत ठेवू या, असं मरिला म्हणत आली होती, पण बँकेचा म्हातारा मालक वडिलांचा दोस्त, त्यामुळे मॅथ्यूने खातं हलवलं नाही. ओळखीच्या संचालकावर विसंबून पतसंस्थेत आयुष्याची पुंजी ठेवलेली आणि निर्बंधांची नोटीस वाचून दारातच मटकन बसलेली माणसं आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. मॅथ्यूच्या हातात वर्तमानपत्र येतं, तो बातमी वाचतो आणि उंबऱ्यातच कोसळतो. ॲनला रडू येत नाही. सगळं गाव रडतं, मरिला कधी नाही ती हंबरडा फोडते, आणि ही मुलगी कोरड्या डोळ्यांनी बसून राहते. रडू फुटतं ते रात्री उशिरा, अंधारात. तेव्हा मरिला तिच्याजवळ येते आणि इतक्या वर्षांत न सांगितलेली माया पहिल्यांदाच बोलून दाखवते.

एखादा साधा लेखक इथेच थांबला असता. माँटगोमेरी पुढे व्यवहार मांडतात. मरिलाची दृष्टी जात चाललीय. डॉक्टर सांगतात, वाचन बंद, शिवण बंद, चष्मा लावा आणि रडू नका, नाहीतर सहा महिन्यांत आंधळ्या व्हाल. शोक करायलाही मनाई झालेली ही बाई घर विकायला निघते. ॲनला चार वर्षांची शिष्यवृत्ती मिळालेली असते, वर्षाला अडीचशे डॉलरची. ॲन ती सोडते आणि मरिलासमोर बसून हिशेब सांगते. जमीन शेजाऱ्यांना खंडाने द्यायची, दुसऱ्या गावात शिक्षिकेची जागा मिळतेय, हवा बरी असेल तोवर रोज घरून जायचं, हिवाळ्यात निदान शुक्रवारी घरी यायचं. आणि मग गिल्बर्ट, ज्याच्याशी तिने वर्षानुवर्षं अबोला धरला होता, तो गावातल्या शाळेवरची आपली नेमणूक तिच्यासाठी सोडून देतो आणि स्वतः लांबच्या शाळेत, राहण्याचा खर्च सोसून, जातो. घर टिकलं ते या तीन-चार सोडण्यांवर.

पुस्तकात उणिवा आहेत. कामाला येणाऱ्या फ्रेंच पोरांकडे गाव ज्या तुच्छतेने बघतं, तीच नजर कधीकधी लेखिकेचीही होते. ज्या मिकमॉ लोकांचं ते बेट मुळात होतं, ते यात जवळजवळ नाहीतच. प्रौढ वाचकाने हे बघत बघत वाचावं. आणि पुढचे भाग लिहिण्याचा प्रकाशकाचा तगादा माँटगोमेरींना पुढेपुढे जड झाला, तेही त्या भागांत दिसतं.

या पुस्तकाचं दुसरं आयुष्य जपानात घडलं. हानाको मुराओका तोक्योतल्या कॅनेडियन मिशनच्या शाळेत शिकल्या. १९२३ च्या भूकंपाने पतीचा छापखाना उद्ध्वस्त केला आणि १९२६ मध्ये लहानगा मुलगा आजाराने गेला. पुढे त्यांनी बहिणीची मुलगी आपली म्हणून वाढवली. रेडिओवर त्या मुलांसाठी बातम्या सांगत. १९३९ मध्ये युद्धाचे ढग जमल्यावर एका कॅनेडियन मिशनरी मैत्रिणीने जपान सोडताना आपल्याजवळची ‘ॲन’ त्यांना देऊन टाकली. इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली असताना, हवाई हल्ल्यांच्या दिवसांत, मुराओका घरात बसून या कादंबरीचं जपानी करत होत्या. ते १९५२ साली छापलं गेलं आणि आईबाप गमावलेल्या पोरांनी भरलेल्या त्या देशाने ॲनला असं उचलून घेतलं की आजही प्रिन्स एडवर्ड आयलंडवर ‘ग्रीन गेबल्स’चं घर बघायला जपानी माणसं येतात. १९७९ मध्ये इसाओ ताकाहाता यांनी तिच्यावर पन्नास भागांची चित्रमालिका केली. मुलगा गमावलेल्या बाईने, चुकून आलेल्या मुलीची गोष्ट, बॉम्ब पडत असताना, कोण छापेल हे ठाऊक नसताना भाषांतरित करावी, यापेक्षा या पुस्तकाबद्दलचा मोठा पुरावा मला सापडलेला नाही.

स्वतः माँटगोमेरींच्या वाट्याला असा निवारा आला नाही. लग्नानंतर १९१४ मध्ये दुसरं मूल मृत जन्मलं, पतीला वर्षानुवर्षं गंभीर मानसिक आजार होता आणि त्या स्वतःही खिन्नतेने ग्रासल्या होत्या. १९४२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या रोजनिश्या १९८५ पासून छापल्या जाऊ लागल्या तेव्हा वाचकांना धक्का बसला. मला मात्र त्या वाचल्यावर कादंबरीवरचा विश्वास वाढल्यासारखा वाटला. सुखवस्तू मनाने रंगवलेलं हे घर नाही, हे कळलं.

या पहिल्या कादंबरीपुढे जाऊन १९०९ ची दुसरी कादंबरी वाचाल तर मरिला तुम्हाला आणखी आवडेल. एक मुलगा मागून मुलगी पदरात पडलेली ही बाई तिथे लांबच्या नात्यातली सहा वर्षांची जुळी पोरं, डेव्ही आणि डोरा, घरी आणते. आता तिला मुलगा मिळतो, आणि तो किती उपद्व्यापी असतो ते वाचूनच बघा. मग रेचल लिंडचा नवरा वारतो. रेचल म्हणजे गावभर नाक खुपसणारी, ॲनच्या केसांवरून पहिल्याच भेटीत तिला रडवणारी. तिला एकटीने घर चालवणं परवडणार नाही, तेव्हा मरिला तिला आपल्याकडे राहायला बोलावते. पण दोन म्हाताऱ्या बायका एका स्वयंपाकघरात नांदणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून ती झोपायला रेचलला वरची खोली देते, पाहुण्यांची खोली रिकामी करून तिथे तिची वेगळी चूल मांडून देते, आणि सोबत मिळाल्यामुळे ॲनला सांगते की आता तू कॉलेजला जा.